दार उघडणारं विमान

आमच्या गाळ्याच्या दारावर ‘स्केल मॉडेल्स’ एवढीच पाटी आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला लोखंडी भागांना मुलामा देणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारा, आणि मधे आम्ही. पाटी वाचून आजवर नाना तऱ्हेची माणसं आत आली. एक गृहस्थ मुलीचे फोटो घेऊन आले होते, तिला जाहिरातीत काम हवं होतं. एक बाई वजनकाटा दुरुस्त करून मिळेल का विचारून गेल्या. बाकीचे कपाटातली विमानं बघून हरखतात आणि विचारतात, "रिमोटवर उडतं का?" नाही म्हटलं की चेहरा पडतो. "मग करायचं काय त्याचं?"

"बघायचं," मी म्हणते.

मोठी वस्तू लहान करायची, पण तिचं काही कमी होऊ द्यायचं नाही, एवढाच आमचा धंदा. आमचे हे लाकूडकाम शिकलेले. ओतकामाचे साचे करायचे, त्यातून या कामात आले. आकार त्यांचा, आणि आतलं-वरचं बारीक काम माझं. लग्न होऊन आले तेव्हा मला ब्लेड धड धरता येत नव्हतं. पण माझी बोटं बारीक होती. यांनी एकदा विमानाच्या पुढच्या काचेआडचं घड्याळांचं फळकूट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "माझा अंगठा जात नाही इथे. तू बघ." तेव्हापासून विमानाच्या पोटातलं सगळं माझ्याकडे आलं.

पोट भरायला मात्र विमानं पुरत नाहीत. आमची खरी भाकरी म्हणजे कारखान्यांची मॉडेलं. तारापूरच्या बाजूचे मालक स्वागतकक्षात काचेच्या पेटीत आपलाच कारखाना मांडून ठेवतात. नळ्या, टाक्या, जिने, सगळं हुबेहूब. फक्त हिरवळ खऱ्यापेक्षा जास्त हिरवी आणि धुराडं अगदी स्वच्छ. मॉडेल जिवंत दिसावं म्हणून मी त्यात पिवळ्या टोपीची इवली माणसं उभी करायचे. कुणी जिन्यावर, कुणी टाकीजवळ, कुणी हातात हात घालून गप्पा मारत.

एका कारखान्यात स्फोट झाला. आमच्या गाळ्याची कौलं हलली, इतका जवळ. चौकशीला आलेल्या साहेबांना जळलेल्या जागेवर काही उमजेना, तेव्हा त्यांनी कार्यालयातलं आमचं मॉडेल टेबलावर आणवलं आणि आम्हाला बोलावलं. कोणती नळी कुठून जाते ते यांनी सांगितलं. मग त्या साहेबांनी माझी पिवळ्या टोपीची माणसं एकेक करून उचलली आणि जिथे जिथे प्रेतं सापडली होती तिथे तिथे आडवी ठेवली. माणसं कमी पडली. त्यांनी मला विचारलं, "आणखी आहेत का?"

त्यानंतर मी मॉडेलात माणूस बसवला नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणो. "माणसं घातली की प्रमाण बिघडतं," असं खोटंच कारण सांगायचे.

हे आधी सांगायला हवं होतं, कारण दामूदादा आले ते माणूस बसवून मागायलाच.

दामूदादा इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावचे. जन्मभर समुद्रावर गेलेले, स्वतःची बोट असलेले. उंच, अंगाने काटक, आणि डोळे सारखे उन्हात असल्यासारखे बारीक केलेले. पावसाळ्याच्या बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात, त्या दिवसांतली गोष्ट. केळव्याच्या एका हॉटेलात ते मासळी द्यायचे. तिथे आम्ही केलेली गलबताची प्रतिकृती त्यांनी पाहिली होती आणि पत्ता विचारत आले होते.

त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला. एक लहान पांढरं विमान, पंख वरच्या बाजूला, दोन्ही पंखांवर एकेक इंजिन. शेजारी एक तरुण उभा, विमानाच्या मागच्या उघड्या दारावर हात ठेवून हसत होता.

"ह्यो माझा निलेश," ते म्हणाले. "आनि ह्या विमानात व्हता तो. ह्ये तुमी बनवून द्या."

निलेश एका खाजगी कंपनीत कामाला होता. वरून जमिनीचे, किनाऱ्याचे फोटो काढून नकाशे करणारी कंपनी. पायलट पुढे बसायचा आणि निलेश मागे, कॅमेऱ्याजवळ. कॅमेरा विमानाच्या पोटातल्या एका गोल भोकातून खाली बघायचा. खूप दक्षिणेला, किनाऱ्यापासून आत, ते विमान समुद्रात पडलं. पायलटचं प्रेत काही दिवसांनी तरंगताना सापडलं. निलेश सापडला नाही. विमानही सापडलं नाही. शोध थांबला, कंपनीचे कागद झाले. घरातलं काहीच झालं नव्हतं.

"दार उघडलं पायजे," दामूदादा म्हणाले. "नुसतं रेघ मारून दाखवलेलं नको. खरं उघडनारं. आनि निलेश आत बसलेला पायजे."

मी माणसं बसवत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. दादा फोटोतल्या दारावर बोट ठेवून म्हणाले, "पायलट भायेर आला ना? मंग निलेश पन आला असंल. पोवनारा पोर हाय माझा. समुद्रात कोनी ना कोनी उचलला असंल. आमाला फक्त दार बगायचं हाय."

ते ‘हाय’ म्हणाले. ‘व्हता’ आणि ‘हाय’ अशी दोन्ही त्यांच्या बोलण्यात येत होती, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोटो घेतला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, विमान करायचं म्हणजे बाजारातला तयार संच आणून चिकटवायचा. असल्या विमानाचा संच मिळत नाही. कंपनीने पुढून, बाजूने आणि वरून काढलेले आराखडे दिले. निलेशने मोबाईलवरून घरी पाठवलेले आतले फोटो होते. चोवीसास एक हे प्रमाण धरलं, म्हणजे खऱ्या विमानाचे चोवीस हात इथे एक हात. यांनी शिवणीच्या लाकडात विमानाचं अंग कोरलं. त्यावर गरम करून मऊ केलेला पातळ प्लास्टिकचा पत्रा ओढून बसवला आणि थंड झाल्यावर सोलून काढला. माशाच्या अंगाच्या दोन उभ्या फाकी असाव्यात, तशा दोन फाकी निघाल्या. त्या चिकटवायच्या आधी आतलं सगळं काम उरकावं लागतं. पोट एकदा मिटलं की बोट आत जात नाही.

दादा रोज यायला लागले. दांडीहून रिक्षाने यायचे, स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे आणि बघत राहायचे. मी फाकीच्या आत फासळ्या बसवायला लागले तेव्हा ते पुढे सरकले.

"ही तर बोटच हाय," म्हणाले. "आमी पन आशाच फासळ्या घालतो."

त्यांच्या तोंडून निलेश हळूहळू कळत गेला. लहानपणी बोटीवर गेला की ओकायचा. म्हणून बापाने त्याला समुद्रापासून लांब ठेवायचं ठरवलं. आई लवकर गेली होती. त्याला पालघरला शिकवलं, पुढे कॅमेऱ्याचं, यंत्राचं काम शिकायला पाठवलं. "म्हंटलं, पान्यावर नको ह्याचं नशीब," दादा म्हणाले. एवढंच.

नवं विमान करणं सोपं, वापरातलं करणं अवघड. वापरातल्या विमानाच्या इंजिनामागे तेलाचा ओघळ असतो. दाराच्या कडीभोवती हातांचा मळ असतो. पायरीवरचा रंग उडालेला असतो. हे सगळं मी काळा आणि तपकिरी रंग पातळ करून, तो पुसून, पुन्हा लावून करायचे. पत्र्यांचे सांधे ब्लेडच्या पाठीने ओरखडून काढायचे, आणि खिळ्यांच्या ओळी सुईच्या टोकाने टोचून. निलेशच्या फोटोत दाराच्या खाली एक ओरखडा होता. तो मी केला त्या दिवशी दादा खूप वेळ त्याच्यावर नजर लावून बसले. मला बरं वाटलं. लबाडी कशाला, मला कामाचा अभिमान वाटला. समोर कशासाठी बसला आहे हा माणूस, हे विसरून वाटला.

दाराला बिजागरी पितळी तारेची केली. पुढच्या कडेला बिजागरी, बाहेरच्या बाजूला उघडणारं, खऱ्यासारखं. ते नखाने उघडायचं.

त्याच आठवड्यात निलेशची बायको आली. प्रणाली तिचं नाव. औषधांच्या कारखान्यात गोळ्या भरायच्या विभागात होती. पाळी संपवून थेट आली होती. टोपीचा वळ कपाळावर तसाच, आणि त्याच्या खाली लाल टिकली.

"काकी, बाबा इथे येतात ना?" तिने विचारलं.

मी विमान दाखवलं. तिने हात लावला नाही. लांबूनच दाराकडे पाहिलं.

"हे उघडतं?"

"हो."

"चिकटवून टाका ते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"दार चिकटवून टाका, काकी. सांगा त्यांना, की एवढ्या लहानात उघडता येत नाही. ते तुमचं ऐकतील." ती भराभर बोलत होती. "घरी अजून ताट वाढतात त्याचं. नारळी पुनवेला त्याच्यासाठी नवा शर्ट आणतात. ही टिकली मी लावते ती त्यांच्यासाठी लावते. न लावता बाहेर आले की ते जेवत नाहीत. आता दार उघडलं म्हणजे झालंच. म्हणतील, बघ, उघडतं, म्हणजे तो निघाला."

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं की काय, असं लगेच वाटलं.

"मला माहीत आहे तो गेला. कंपनीचा माणूस घरी आला होता. म्हणाला, पाण्यावर आपटलं तेव्हाच संपलं असेल, काही कळलंसुद्धा नसेल त्याला." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "तेवढ्यावर मला झोप लागते, काकी."

मी तिला सांगितलं की खऱ्या विमानाचं दार उघडत होतं, ते मी बंद कसं दाखवू? आमच्या धंद्यात तेवढी एकच गोष्ट आहे. जे होतं ते करायचं, जे नव्हतं ते करायचं नाही. तिने वाद घातला नाही. "बरं," म्हणाली आणि दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून गेली.

मग माणूस राहिला. मी त्याला लाकडाच्या तुकड्यातून कोरला. बोटाएवढा, बसलेला, दोन्ही हात पुढे कॅमेऱ्याच्या चौकटीवर ठेवलेले. कोपरं जरा बाहेर. आतल्या एका फोटोत तो तसाच बसलेला होता. चेहरा रंगवताना भिंग लावून बसले. एवढ्या लहान चेहऱ्यावर डोळे काढत नाहीत, नुसती सावली घालतात. डोळे काढले की तो बाहुला दिसतो. दादांनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, मान जवळ नेऊन पाहिला.

"केस पुढून थोडे कमी हायत त्याचे," म्हणाले.

मी केस कमी केले. सीटवर बसवला, पातळ पट्टीचा पट्टा बांधला, कॅमेरा लावला आणि दोन फाकी मिटल्या.

विमान पूर्ण झालं त्या दिवशी यांनी ते काळ्या कापडावर ठेवलं. इतक्या वर्षांत त्याहून चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं आणि पुढे होणार नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. दादांनी नखाने दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आत बघितलं. मग म्हणाले,

"आता पान्यात घालायचं."

मला वाटलं, घरी नेऊन समुद्रात सोडणार. तसं नव्हतं. त्यांना बघायचं होतं. विमान पाण्यावर पडलं तर कसं बसतं, कुठून भरतं, दार कुठे येतं.

"अहो दादा, हे खेळण्यासारखं हलकं आहे. ते तरंगेल नुसतं."

"मंग वजन घाल. जितं इंजिनं तितं घाल, जितं मानूस तितं घाल."

मी त्यांना परोपरीने समजावलं. म्हटलं, विमान चोवीसपट लहान केलं, पाणी लहान करता येत नाही. पाणी खऱ्या आकाराचंच राहतं. लहान भोकातून ते मोठ्या भोकासारखं शिरत नाही, लहान दाराला मोठ्या दारासारखं दाबत नाही. यातून काही सिद्ध होत नाही. दादा ऐकत होते. मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "बाय, तुजं विमान तुला ठावं. पानी मला ठावं हाय."

यांनी मला बाजूला घेतलं. "त्यांचं विमान आहे," म्हणाले. आणि दोन्ही इंजिनांत, आणि दारातून चिमटा घालून पायलटच्या जागी, कॅमेऱ्याखाली शिसं भरायला बसले. मी पाहिलं नाही. मी चहाची भांडी घासत बसले.

शेजारच्या मुलाम्याच्या कारखान्यात इसरारभाईंकडे लोखंड धुवायची लांबरुंद टाकी होती. त्यांनी ती आमच्यासाठी रिकामी करून स्वच्छ पाण्याने भरून दिली. दादांनी विमान दोन्ही हातांत धरून पाण्यावर ठेवलं आणि हळूच हात काढून घेतले.

ते पंखांवर तरंगलं. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे सगळं अंग पंखांखाली, पाण्यात लोंबत होतं. पुढचं पायलटचं आणि मागचं, दोन्ही दारं पाण्याखाली गेली होती, पहिल्या क्षणापासून. पोटातल्या कॅमेऱ्याच्या भोकातून बुडबुडे यायला लागले. बारीक, एकामागून एक. नाक हळूहळू खाली झुकलं.

इसरारभाईंना आमचं काय चाललंय ते माहीत नव्हतं. ते हात पुसत आले आणि हसून म्हणाले, "क्या भाभीजी, खिलौना डूब गया?" मग दादांचा चेहरा बघून कडेला उभे राहिले.

दादांनी दंडापर्यंत हात पाण्यात घातला. दाराला नख लावलं. ते सहज उघडलं, कारण मी सांगितलं होतं तसं, एवढ्या लहान दाराला पाणी कितीसं दाबणार? पण दादांनी ते पुन्हा मिटलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आमची बोट एकदा उलटली व्हती," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "मी केबिनात व्हतो. दार भायेर उघडायचं. खांदा लावला, पाय लावला, दार हलंना. भायेर पानी हुबं आनि आत हवा. मंग आत पानी भरलं. छाती, गळा, नाक. सगलं भरलं तवा दार आपोआप सुटलं. मी तवर दम धरला म्हनून वाचलो." त्यांनी विमानाच्या पोटाखालून बोट फिरवलं. "ह्याच्या पायाखालीच भोक. आनि म्होरं ह्यो कॅमेरा. ह्यो पट्टा सोडंल, कॅमेरा वलांडंल, मंग दाराला यील. आनि पानी भरल्याबिगर दार उघडनार नाय."

नाक खाली गेलं. शेपटी एकदा वर आली आणि विमान टाकीच्या तळाशी बसलं. आत एक बुडबुडा अडकला होता. तोही सुटला.

"आतच हाय तो," दादा म्हणाले. "पयल्यापासून आतच हाय."

मी पुन्हा म्हटलं, "दादा, हे खरं नाही हो. हे नुसतं मॉडेल आहे." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी विमान वर काढलं, अंगातल्या सदऱ्याने पुसलं, छातीशी धरलं आणि रिक्षात बसून गेले.

पितृपक्षात दांडीच्या किनाऱ्यावर निलेशचे विधी झाले. देह नसला की दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. आम्ही दोघं गेलो होतो. किनाऱ्यावर मासळी वाळत घालायच्या बांबूंच्या रांगा होत्या, वारा सगळा धूर तिकडे नेत होता. गावचे लोक थोडे बाजूला उभे होते. दादांनी स्वतः अग्नी दिला. बायका प्रणालीजवळ यायच्या आत तिने आपली आपणच टिकली काढली आणि बोटाला चिकटलेली ती बघत उभी राहिली, कुठे टाकायची ते न कळल्यासारखी. मला वाटलं, चला, निदान ही मोकळी झाली. परतताना मी यांना तसं म्हटलंसुद्धा.

बंदी त्याआधीच उठली होती, बोटी गेल्या होत्या. दादांनी बोट दुसऱ्याच्या हाती दिली आणि ते स्वतः समुद्रावर गेले नाहीत असं कळलं. दिवाळी झाली. थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी प्रणाली गाळ्यात आली. तिच्या हातात मासळीचा प्लास्टिकचा क्रेट होता आणि क्रेटमध्ये चादरीत गुंडाळलेलं विमान.

"काही मोडलं का?" मी विचारलं.

"नाही. टीव्हीच्या वर ठेवलेलं असतं बाबांनी." ती बसली. वाळलेली दिसत होती. "काकी, त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन, जमिनीवर बसून. पाणी पायाकडून आलं असेल. मग छाती. मग दार. त्यांना वाटलं, मला सांगायला पाहिजे. समुद्राचा माणूस, काही लपवलं नाही." तिने चादरीची घडी सारखी केली. "मी समजत होते, आपटलं आणि संपलं. आता मला माहीत आहे की वेळ होता."

मी तिला तेच सांगितलं जे दादांना सांगितलं होतं. पाणी लहान होत नाही, यातून काही सिद्ध होत नाही, आपटल्यावर खरंच काही कळलं नसेल. जीव तोडून सांगितलं.

"असेल," ती म्हणाली. "पण मी रोज ताट घेऊन जेवायला बसते आणि तो समोर आत बसलेला असतो. पट्टा बांधून." तिने विमान माझ्यापुढे सरकवलं. "त्याला बाहेर काढून द्या."

मी दार उघडलं, चिमटा आत घालून पाहिला. पट्टा कापता आला. सीटचा गोंद ब्लेडने सुटला. पण माणूस निघेना. दोन्ही हात पुढे, कोपरं बाहेर, समोर कॅमेरा. कसाही फिरवला तरी दारात अडकायचा. हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी पण प्रयत्न केला.

"हात तोडले तर येईल," हे हळूच म्हणाले. "नंतर जोडून देतो. कळणार नाही."

"हात नका तोडू," प्रणाली म्हणाली. "विमान कापा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझं काम होतं, म्हणून. मी बारीक करवत घेतली. प्लास्टिक कापताना पात्याच्या उष्णतेने वितळतं, म्हणून वाटीत पाणी घेऊन थेंब थेंब सोडत कापावं लागतं. यांनी विमान धरलं, मी पंखांच्या मागून, दाराच्या कडेने करवत घातली. खिळ्यांच्या ओळी, सांधे, तो ओरखडा, सगळं पात्याखाली पांढऱ्या भुकटीसारखं पाण्याबरोबर वाहून टेबलावर आलं. विमानाचे दोन तुकडे झाले. मी माणूस बोटांच्या चिमटीत धरून अलगद बाहेर काढला. हात, कोपरं, सगळं शाबूत होतं.

तिच्या तळहातावर ठेवला. तिने बोटं मिटली नाहीत. तसाच उघड्या हातावर धरून बराच वेळ बघत राहिली. मी तुकडे उचलायला लागले, काहीतरी करायचं म्हणून.

"हे परत जोडून देऊ का?" यांनी तिला विचारलं.

तिचं लक्ष हातातच होतं.

"काकी," ती म्हणाली, "हा ओला आहे अजून."

आणि ओढणीचा पदर घेऊन तिने तो पुसायला सुरुवात केली. आधी केस, मग तोंड, मग एकेक हात.